खडकीच्या उतारावरचं चाक

१

सिद्धूच्या मेंढरांना आधी मोटरसायकल दिसली. माणूस सिद्धूला नंतर दिसला.

१९७३ सालचा मे महिना होता. जत तालुक्यात पाऊस कसा असतो हे लहान पोरं विसरली होती. सिद्धू मेंढका सकाळी कळप घेऊन खडकीच्या उतारानं खाली येत होता, तेवढ्यात मेंढरं रस्ता सोडून एकदम नाल्याकडं धावली. तो काठी आपटत मागे पळाला. उताराच्या पायथ्याला एक मोटरसायकल आडवी पडली होती आणि मेंढरांनी तिच्याभोवती दाटी केली होती. तो त्यांना हाकलत पुढं गेला, तर बाभळीच्या बुंध्याशी लालासाहेब कोडग पालथा पडलेला.

लालासाहेबाला तालुक्यात ओळखत नाही असा माणूस नव्हता. सैन्यात तो मोटरसायकलवरून निरोप पोचवण्याचं काम करायचा. एकाहत्तरच्या लढाईत राजस्थानच्या वाळूत त्यानं दिवसरात्र गाडी पळवली होती. घरी आल्यावर दुष्काळी कामावर त्याला पाणी तपासनीस म्हणून घेतलं. टँकर भरला कुठं, रिकामा झाला कुठं, हे तो गाडीवरून फिरून बघायचा. तो आल्यापासून वाड्यावस्त्यांवर टँकर वेळेवर यायला लागले होते. बाया त्याला पाणीवाला भाऊ म्हणायच्या.

असा माणूस एका साध्या उतारावर मोटरसायकलवरून पडून मेला, हे गावाला पटेना. बघायला आलेली माणसं नुसती उभी होती. कुणी मोठ्यानं रडलंसुद्धा नाही.

मग दोघातिघांनी गाडी उचलून ढकलायला घेतली. ती ढकलेना. पुढचं चाक घट्ट धरलेलं होतं.

"पुढचा ब्रेक आडाकलाय," कुणीतरी म्हणालं. "उतारावर चाक जाम झालं आन् गाडीनं त्याला डोक्यावर फेकला."

आणि मग दुसऱ्या कुणाला तरी आठवलं, की दोनच दिवसांपूर्वी लालासाहेबानं पुढचा ब्रेक जतच्या गुंडा मिस्त्रीकडून दुरुस्त करून घेतला होता.

दुपारपर्यंत स्टँडजवळचं गुंडाचं खोपटं जमीनदोस्त झालं. पोलिसांनी त्याला आत नेलं ते पकडायला कमी आणि वाचवायला जास्त.

२

गाडीमुळं माणूस मेला तर त्या गाडीची तपासणी व्हावी लागते. सांगलीहून मोटार वाहन निरीक्षक आकाराम बनसोडे एसटीनं जतला आले. मूळचे रहिमतपूरचे. सडपातळ, चष्मा लावणारे, आणि बोलण्यापेक्षा ऐकण्यात जास्त वेळ घालवणारे.

फौजदार इंगवल्यांनी त्यांना सगळी हकिकत सांगितली. लालासाहेब आदल्या संध्याकाळी घरी गेला नव्हता. त्यात नवल नव्हतं, टँकरमागं फिरताना तो कुठंही मुक्काम करायचा. पहाटे त्याच्या थोरल्या भावानं, आण्णांनी, रानातल्या घरातून गाडीचा आवाज ऐकला होता. टँकरचा ड्रायव्हर ज्ञानू यानं त्याला उजाडताना रस्त्यावर गाडीवरून जाताना पाहिला होता. त्यानंतर थोड्याच वेळात सिद्धूला प्रेत सापडलं.

"साधी गोष्ट आहे," इंगवले म्हणाले. "मिस्त्रीचा हलगर्जीपणा. तुम्ही ब्रेक निकामी असं लिहिलंत, की मी खटला उभा करतो. आण्णा तर रोज दोनदा येऊन बसतात. भाऊ गेलाय त्यांचा."

"आधी मिस्त्रीशी बोलू," बनसोडे म्हणाले.

गुंडा कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. एक डोळा सुजून बंद झालेला. बनसोडे त्याच्यासमोर खाली बसले.

"लालासाहेब गाडी घेऊन आले तेव्हा काय तक्रार होती?"

"म्हनला, गुंडा, पुढचा ब्रेक दाबला की लवकर सुटत न्हाई. दांडी सोडली तरी चाक ओढतंय."

"मग?"

"तार काढून बघितली. आत धूळ व्हती, रॉकेलनं धुतली आन् तेल सोडलं. मंग चाक खोललं. ब्रेकचे दोन पट्टे फाकवनारा कॅम असतोय ना, त्यो कोरडा पडलाता. घासून ग्रीस लावलं. स्प्रिंगा ढिल्या झाल्यात्या, नव्या घातल्या. चाक बसवून धा येळा फिरवून बघितलं. फिरत व्हतं, सायेब."

"मग तुझी चूक काय?"

गुंडानं आपल्या तळहातांकडं पाहिलं.

"मानूस गेला न्हवं का? म्हंजी माझ्या हातनंच काय तरी ऱ्हायलं आसंल. लोक मारत व्हते तवा मी हात आडवा केला न्हाई. त्यो माझा दोस्त व्हता."

बनसोडे बाहेर आले तेव्हा इंगवले म्हणाले, "ऐकलंत? कबूलच करतोय."

"तो दुःख सांगतोय," बनसोडे म्हणाले. "गाडी कुठं आहे?"

३

गाडी पोलीस ठाण्याच्या मागच्या आवारात लिंबाखाली होती. चाक फिरत नव्हतं म्हणून ती बैलगाडीत घालून आणली होती. हँडल एका बाजूला वाकलेलं. पुढच्या ब्रेकची दांडी मुठीला चिकटून बसलेली, जणू अजून कुणी ती दाबून धरली आहे.

"हे बघा," इंगवले म्हणाले. "ब्रेक दाबला तो दाबलेलाच राहिला."

बनसोड्यांनी दांडीवरून बोट फिरवलं. "दांडी वाकलीय. दगडावर आपटून वाकलीय, हा ओरखडा बघा. म्हणजे ब्रेक आपटल्यावर अडकला. अडकला म्हणून आपटली नाही." त्यांनी पिशवीतून पाना काढला. "ब्रेक सुटत नसला की तीन ठिकाणी बघायचं. वरून खाली. आधी दांडी आणि तार."

त्यांनी चाकापाशी तारेचं टोक सोडवलं. तार ढिली पडली. म्हणजे आता दांडी कितीही वाकडी असली, तरी तिचा चाकाशी संबंध उरला नव्हता. त्यांनी चाक फिरवून बघितलं. ते हललं नाही.

"तारेचा दोष नाही. आता कॅम."

चाकाच्या मध्यभागी जो ड्रम असतो, त्याच्या बाहेर कॅमचा लहानसा हात असतो. तार त्याला ओढते. बनसोड्यांनी तो हात पुढं ओढून सोडला. तो झटक्यात आपल्या जागी परत गेला. त्यांनी पुन्हा ओढला, पुन्हा सोडला.

"लोण्यासारखा चालतोय. गुंडानं काम चोख केलंय." त्यांनी इंगवल्यांकडं पाहिलं. "तार सुटली, कॅम मागं गेला. म्हणजे ब्रेक उघडलेला आहे. तरी चाक जाम."

इंगवले जवळ सरकले. ते आता वाकून बघत होते.

बनसोड्यांनी लाकडी हातोडा मागवला आणि ड्रमवर कडेकडेनं ठोके दिले. चौथ्यापाचव्या ठोक्याला आतून कडक आवाज आला, काहीतरी तुटल्यासारखा. चाक मोकळं झालं आणि सहज फिरू लागलं.

मग त्यांनी चाक काढून ड्रम उघडला.

आत लालभडक गंज होता. कोरडा नव्हे, बोटाला लागणारा ओलसर. ब्रेकचे पट्टे जिथं टेकले होते, तिथं लोखंडावर त्यांचे ठसे उमटले होते. ड्रमच्या तळाशी करडा, मऊ गाळ बसला होता. आणि आऱ्यांच्या मुळाशी एक हिरवा धागा वाळून चिकटलेला. बनसोड्यांनी तो नखानं सोडवून तळहातावर घेतला.

"शेवाळ," ते म्हणाले.

"म्हणजे काय झालं?" इंगवल्यांनी विचारलं.

"पट्टे दाबलेल्या अवस्थेत ड्रम पाण्यात बुडाला आणि तसाच रात्रभर राहिला. लोखंड गंजलं आणि पट्टे त्याला चिकटले, डिंकानं चिकटावे तसे. चालत्या गाडीत हे होत नाही. चालता चालता ब्रेक धरला असता तर पट्टे जळाले असते, करपट वास आला असता, टायर एका जागी घासून सपाट झालं असतं. यातलं काहीच नाही."

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"फौजदारसाहेब, हे चाक आदल्या संध्याकाळपासून एक फेराही फिरलेलं नाही. त्या सकाळी ही गाडी कुणी चालवलीच नाही."

४

इंगवले बाकावर बसले.

"त्यानं गाडी धुतली असेल," ते म्हणाले.

"या तालुक्यात? माणसाला प्यायला घागर मिळत नाही."

दोघांनी सिद्धूला बोलावून घेतलं. तो उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला. घरात कानडी बोलणारा माणूस, मराठी शब्द जपून वापरायचा.

"तू मयताला हलवलंस?" बनसोड्यांनी विचारलं.

"व्हय. उलथा केला. बघितलं, जीव न्हाई."

"आणि गाडीला?"

"गाडीला म्या न्हाई, मेंढरांनी हात लावला." सिद्धूला आपलंच बोलणं विचित्र वाटलं. "म्हंजे तोंड लावलं. मेंढरू गाडीला भ्यातंय, सायेब. लांब पळतंय. पर त्या दिवशी समदी गाडीला चाटत व्हती. हाकललं तरी हालंनात."

"का, असं तुला वाटतं?"

"तहानेलं जनावर कशाला जाईल? नीर. पानी."

इंगवल्यांनी बनसोड्यांकडं पाहिलं. म्हणजे सकाळी गाडी अजून ओली होती. जिथं कोसभर खोदून थेंब लागत नव्हता, तिथं एक अख्खी मोटरसायकल बुडेल एवढं पाणी कुणाकडं तरी होतं. आणि लालासाहेबाचं कामच होतं पाणी कुठं जातं ते बघणं.

पाणी या तालुक्यात एकाच मार्गानं येत होतं, टँकरनं. आणि त्या पट्ट्यातला टँकर ज्ञानूचा होता. शिवाय उजाडताना लालासाहेबाला गाडीवर पाहिल्याचं सांगणाराही तोच.

ज्ञानू तसा बोलका गडी होता. टँकरच्या पायरीवर बसून त्यानं बिडी पेटवली.

"व्हय, बघितला की. समोरनं आला, हात केला, गेला."

"हँडल सरळ होतं?" बनसोड्यांनी विचारलं.

"सरळच की."

"पुढचं चाक फिरत होतं?"

ज्ञानू हसला. "फिरल्याबिगर गाडी कशी चालंल, सायेब?"

"तेच मला कळत नाही," बनसोडे म्हणाले. "कारण ते चाक त्या आदल्या संध्याकाळनंतर आज पहिल्यांदा फिरलं, मी फिरवलं. हातोड्यानं ठोकून."

ज्ञानूच्या हातातली बिडी तशीच राहिली. इंगवले पुढं झाले.

"पाणी कुणाला विकत होतास?"

"इकलं न्हाई," ज्ञानू घाईनं म्हणाला. मग त्याचा आवाज पडला. "दिलं. वाडीला अर्धा टँकर रिकामा करायचा आन् ऱ्हायलेला तिकडं. लालासाहेबाचा माग लागंल म्हनून मी आडरानानं जायचो. पर टाकी गळतीय. धुळीत थेंबाची रेघ उठत गेली, आन् त्यो त्या रेघंवरनं मागं मागं आला आसंल. मी निघून गेलो व्हतो, सायेब. पोराच्या गळ्याची आन. मानूस मी मारला न्हाई. सकाळी मला नुस्तं सांगितलं, की तू त्याला रस्त्यावर बघितलास म्हन."

"कुणी सांगितलं?"

ज्ञानूनं मान खाली घातली. इंगवल्यांनी दरडावलं, समजावलं, पुन्हा दरडावलं. तो एवढंच म्हणाला, "त्येचं नाव माझ्या तोंडातनं निघणार न्हाई. निघालं तरी तुमाला खरं वाटणार न्हाई."

५

लालासाहेबाचं घर वाडीच्या कडेला होतं. दारात त्याची बायको शालूबाई बसली होती. अंगणात चार बाया होत्या, त्या फौजदाराला बघून उठून गेल्या.

बनसोड्यांनी तिला काही विचारायच्या आधी तीच म्हणाली, "मिस्त्रीला सोडा. त्यानं काय केलं न्हाई."

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"ते गाडीवरनं असं पडायचं न्हाईत. पडले तरी त्या जागंला पडले न्हाईत."

"का वाटतं असं?"

शालूबाई जमिनीकडं बघत बोलत होती. आवाज सपाट होता, जणू दुसऱ्या कुणाचं सांगते आहे.

"दवाखान्यात न्यायच्या आदी म्या त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. केसांत हळद व्हती. मला वाटलं, ज्याला घावले त्यानं लावली आसंल. मेंढका व्हय ना? त्यानं कुठनं तरी आनली आसंल."

"सिद्धू म्हणतो, त्यानं फक्त उलथं करून बघितलं."

"मंग कुनी?"

पुढचं वाक्य बनसोड्यांना तिला ऐकवायचं नव्हतं, पण ऐकवल्याशिवाय पुढं जाता येत नव्हतं.

"बाई, मेलेल्या माणसाच्या जखमेत कुणी हळद भरत नाही. रक्त थांबवायला भरतात. म्हणजे ते पडल्यावर जिवंत होते. कुणीतरी त्यांना उचललं, कुठंतरी निजवलं, जखम बांधली. सकाळी पट्टी काढून त्यांना उतारावर नेऊन ठेवलं."

शालूबाईनं पहिल्यांदा वर पाहिलं.

"नुस्ती हळद न्हवती," ती हळूच म्हणाली. "काळं व्हतं त्यात. राख."

"कसली राख?"

"चिंधी जाळून करत्यात ती. हळदीत कालवून..." ती थांबली. इंगवले काहीतरी विचारायला गेले, बनसोड्यांनी हातानं त्यांना थांबवलं.

शालूबाई उठली. पदर खोचला. पायात काही न घालता ती अंगण ओलांडून बांधावर गेली आणि तिथून मागं वळून म्हणाली, "चला."

"कुठं?" इंगवल्यांनी विचारलं.

"माझ्या लग्नात माझा पाय कापला व्हता, तवा ती राख मलाबी लावली व्हती. ह्या वाडीत चिंध्या जाळून हळदीत घालणारी एकच बाई हाय. माझी थोरली जाऊ."

६

दोन वावरं ओलांडली की आण्णांचं रानातलं घर. घराच्या मागं कडब्याच्या उंच गंज्या एकाला एक लावून रचलेल्या, एखाद्या भिंतीसारख्या. दुष्काळात एवढा कडबा कुणाकडं नव्हता, आणि असला तरी तो कुणी असा घराच्या मागं आडवा लावत नव्हतं.

आण्णा ओसरीवर बसले होते. पन्नाशीचे, पांढरा फेटा, शांत चेहरा. गावात भांडण झालं तर लोक त्यांच्याकडं यायचे.

"या, फौजदारसाहेब. ह्ये कोन?"

"बनसोडेसाहेब. सांगलीचे. गाडी तपासायला आलेत."

"झाली का तपासनी? मिस्त्रीचा खटला कवा उभा ऱ्हातोय?" आण्णांनी आत हाक मारली. "आगं, सायबांना पानी दे."

आण्णांची बायको बायडाबाई तांब्या घेऊन बाहेर आली. काठोकाठ भरलेला, थंड. जतला आल्यापासून बनसोड्यांना कुणी भरलेला तांब्या दिला नव्हता. अर्धा पेला, तोही बघून. त्यांनी तांब्या हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

बायडाबाईची नजर जावेवर गेली. शालूबाई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"वैनी," ती म्हणाली, "राख तुमी भरली व्हती का?"

बायडाबाईनं नवऱ्याकडं पाहिलं नाही. ती जागच्या जागी खाली बसली, भिंतीला धरून.

"शालू, आत जा," आण्णा म्हणाले.

"मी तुमाला विचारलं न्हाई, आण्णा."

इंगवले उठून कडब्याच्या गंजीमागं गेले होते. तिथून त्यांनी हाक मारली, आणि त्या आवाजात फौजदार नव्हता, नुसता घाबरलेला माणूस होता. बनसोडे धावले.

गंज्यांच्या मागं द्राक्षाची बाग होती. सगळं रान तांबडं, भेगाळलेलं, आणि मध्ये हा हिरवा तुकडा. बागेच्या कडेला दगडांनी बांधलेलं खोल तळं, वरून बाभळीच्या फांद्या आणि पाचट टाकून झाकलेलं. एका बाजूला फांद्या मोडून आत पडल्या होत्या. त्या भगदाडातून पाणी दिसत होतं. काठावरच्या एका दगडाला लोखंडाचा ताजा ओरखडा होता. चिखलात बैलांचे खूर आणि ओढून काढल्याची खोल खूण.

बनसोडे परत आले तेव्हा बायडाबाई बोलत होती. कुणी विचारलं नव्हतं. एकदा सुरू झाल्यावर ती थांबेना.

"दिवस बुडताना आवाज आला. धाडकन. मला वाटलं बैल पडला. जाऊन बघते तर भावजी पान्यात. मी आन् ह्यांनी मिळून काढलं. डोकं फुटलं व्हतं, पर सुदीत व्हते. मी जखम भरली, बांधली. म्हनले, वैनी, पानी द्या. दिलं."

ती शालूबाईकडं बघत होती आता.

"मी ह्यांना म्हनलं, बैलगाडी जुपा, जतला नेऊ. तिथनं मिरजंला. हे म्हनले, जतच्या दवाखान्यात विचारतील कुठं पडला म्हनून. भावजींनी आयकलं. त्यांना कळत व्हतं समदं. त्यांनी ह्यांचा हात धरला आन् म्हनले..."

"काय म्हनले?" शालूबाईनं विचारलं.

"म्हनले, आण्णा, मी पान्याचं कुनाला सांगनार न्हाई. आईची शपथ. मला मिरजंला न्या."

इंगवल्यांनी टोपी काढून हातात धरली होती, ती का काढली हे त्यांनाही कळलं नसावं.

बनसोडे आण्णांकडं वळले. त्यांना वाटलं होतं, हा माणूस आता ओरडेल, नाकारेल, नाहीतर रडेल. आण्णा त्यांच्याकडं सरळ बघत होते.

"तीन वर्सं जपलेली बाग," ते म्हणाले. "ह्या साली पयलं फळ धरलं आसतं. त्यो बोलला नसता. पर डॉक्टरनं विचारलं आसतं, फौजदारानं विचारलं आसतं. त्याला खोटं बोलता येत न्हवतं, ल्हानपनापासनं. मी म्हनलं, सकाळपतूर बघू. रातीत बरा वाटला तर नेऊ."

"आणि नाही वाटलं तर?"

आण्णांनी फेटा सारखा केला.

"तुम्ही त्यांच्याजवळ बसला होता?" बनसोड्यांनी विचारलं.

"बसलो की. समदी रात. पाय दाबले."

"तांबडं फुटायच्या आदी गेले," बायडाबाई म्हणाली. "मंग ह्यांनी पट्टी सोडली, बैलं जुपली, भावजींची गाडी तळ्यातनं वढली. चाक फिरंना, म्हनून दोगं मिळून उचलून बैलगाडीत घातली. चाक फिरंना तवा हेच म्हनले, बरं झालं, ब्रेक गेला म्हनून सांगता येईल. परवाच मिस्त्रीनं काम केलंय."

शालूबाईनं हे सगळं उभ्यानं ऐकलं. मग ती जावेच्या समोर बसली, अगदी जवळ, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी.

"दोन वावरांचं अंतर हाय, वैनी," ती म्हणाली. "तुमी मला हाक का मारली न्हाई?"

बायडाबाईनं तोंड उघडलं. काहीतरी सांगण्यासारखं असेल असं तिलाही वाटलं असावं. पण तिच्या तोंडातून काही आलं नाही, आणि शालूबाई तशीच तिच्याकडं बघत राहिली.

७

इंगवल्यांनी त्या संध्याकाळी आण्णांना जतला नेलं. रस्त्यात ते बनसोड्यांना म्हणाले, "मारलं तर नाही म्हणे. पाय दाबत बसला होता. मी कलम कुठलं लावू?" पुढं कोर्टानं कलम शोधलं आणि आण्णांना बरीच वर्षं आत जावं लागलं. बायडाबाईनं साक्ष दिली, शब्द न बदलता. ज्ञानूचा टँकर गेला आणि त्यालाही शिक्षा झाली. पण ते सगळं नंतर.

गुंडाला त्याच दिवशी सोडलं. बनसोडे स्वतः कोठडीपर्यंत गेले.

"तुझ्या कामात काही दोष नव्हता," त्यांनी सांगितलं. "कॅम, तार, स्प्रिंगा, सगळं नीट. मी तसं लिहून दिलंय."

गुंडा उठला नाही. त्यानं सगळं ऐकून घेतलं, तळं, हळद, रात्र, बैलगाडी. मग विचारलं, "दवाखान्यात नेला आसता तर जगला आसता?"

"डॉक्टर म्हणतात, जगला असता."

गुंडानं गुडघ्यात डोकं घातलं. मार खातानासुद्धा न रडलेला माणूस आता रडायला लागला, आणि बनसोडे त्याच्या शेजारी बसून राहिले.

सांगलीला परतायची एसटी दुसऱ्या दिवशी सकाळी होती. तहसीलदारांनी तळ्यावर पंप लावून पाणी वाटायला सांगितलं होतं, आणि रस्ता वाडीवरूनच जात होता. बनसोड्यांनी खिडकीतून पाहिलं. कडब्याच्या गंज्या बाजूला सारल्या होत्या. वाडीतल्या बाया घागरी घेऊन रांगेत उभ्या होत्या. एरवी टँकर आला की जो कालवा व्हायचा, तो आज नव्हता. कुणी कुणाला ढकलत नव्हतं. पाणी भरून घेणारी बाई खाली बघून चालायला लागायची.

बस पुढं मेंढरांसाठी थांबली, आणि तेवढ्यात शालूबाई बांधावरून येताना दिसली. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. तिच्या घरात सासू होती, म्हैस होती. पाणी लागणारच होतं.

रांगेतल्या बाया तिला बघून बाजूला झाल्या. पार पुढच्या बाईनं आपली घागर नळीखालून काढून घेतली.

"ये, शालू. तू भर आदी."

शालूबाईनं मान हलवली.

"माझी पाळी आली की भरंन," ती म्हणाली, आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.